बाळंतपणाआधी घराचा रंग: आधी भिंत, मग डबा

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका भगिनींच्या पत्राचा गोषवारा असा. “आमच्या घराची पडवी, माजघर आणि स्वयंपाकघर जुने, जांभ्या दगडाचे आणि मातीच्या गिलाव्याचे आहे, वर कौले आहेत, मागच्या दोन खोल्या अलीकडच्या, स्लॅबच्या. मुलीला सहावा महिना चालू आहे आणि दिवाळी झाली की ती पहिल्या बाळंतपणासाठी येईल. यजमानांना दमा आहे. माजघराला आजवर चुनाच देत आलो, फक्त खालच्या तीन फुटांवर फार पूर्वी हिरव्या ऑईलपेंटचा पट्टा मारला होता, त्याचे आता पोपडे पडतात आणि पट्ट्याच्या वर दर पावसाळ्यात ओल चढते. पेंटरचे म्हणणे, सगळे खरवडून पुट्टी भरू आणि वरपर्यंत ऑईलपेंट मारू. मुलगा म्हणतो, त्या भिंतीवर पीव्हीसीचे पॅनेल बसवू. बेळगावच्या दुकानदाराने ‘बिनवासाचा’ महाग रंग दाखवला, तर कोणी शेणाचा रंग घ्या म्हणतात. सासूबाईंच्या वेळचा लाकडी पाळणाही माळ्यावरून काढला आहे, त्याचा पिवळा-लाल रंग उडाला आहे, तोही रंगवून घ्यायचा आहे. बाळाला आणि यजमानांना त्रास होणार नाही असा कोणता रंग घ्यावा? दसऱ्यापूर्वी काम उरकायचे आहे.”

उत्तर :

ताई, कोणता डबा घ्यावा हे मी पुढे सांगणारच आहे; परंतु तुमचे पत्र वाचून मला काळजी वाटली ती नव्या रंगापेक्षा जुन्या रंगाची, जो पेंटर कोरडा खरवडणार आहे, आणि त्या ओलीची, जी तो झाकून टाकणार आहे. बाजारात आज मिळणारा बरा पाण्याचा रंग निवडणे हे या कामातले सर्वांत सोपे पाऊल आहे. त्याआधीची पावले चुकली, तर सर्वांत महागडा डबाही तुमच्या उपयोगी पडणार नाही.

सुरुवात पाळण्यापासून करू, कारण त्यात चूक सुधारायला वाव नाही. सासूबाईंच्या काळातल्या पिवळ्या, लाल आणि हिरव्या ऑईलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. तो ठसठशीत पिवळा रंग पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटपासून येत असे आणि हिरव्या रंगातही पुष्कळदा तोच मिसळलेला असे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये केलेल्या आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, वर असता कामा नये. त्याआधीच्या रंगांविषयी असा भरवसा देता येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि तो भरून येत नाही. गरोदर स्त्रीच्या शरीरात गेलेले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. तुमच्या पाळण्याचा वरचा कठडा नीट उजेडात पाहा. तिथे आधीच्या पिढीतल्या बाळांच्या दातांच्या खुणा बहुधा दिसतील. दात येऊ लागले की बाळ पहिल्यांदा कठडाच चघळते. वरून नवा रंग दिला तरी आतला थर टवका उडून बाहेर येणारच, आणि तो खरवडायला बसलात तर त्याची भुकटी घरभर होईल. म्हणून हा पाळणा बारशाच्या दिवशीसुद्धा वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कापडाची झोळी किंवा न रंगवलेल्या लाकडाचा पाळणा घ्यावा, आणि जुना पाळणा आठवण म्हणून ठेवायचाच असेल तर गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवावा.

हीच गोष्ट दारे-खिडक्यांना लागू पडते. ज्या दाराचा जुना रंग घट्ट आहे, पोपडे नाहीत, तो तसाच राहू द्यावा, फार तर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. जुन्या रंगाचे वय ठाऊक नसेल तर त्यात शिसे आहे असे धरून चालणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. माजघरातला हिरवा पट्टा मात्र तसा ठेवता येणार नाही, कारण तो आपणहून गळतो आहे आणि रांगते मूल जमिनीवरचे टवके उचलून तोंडात घालते. तो काढावाच लागेल, पण पेंटरला सवय आहे त्या पद्धतीने नव्हे. कोरडा पॉलिश पेपर मारू नये, घासायचे यंत्र लावू नये आणि ब्लोलॅम्पने रंग भाजून तर मुळीच काढू नये, कारण त्या उष्णतेत शिशाचा धूर होतो आणि तो थेट फुफ्फुसात जातो. माजघरातले सामान, अंथरुणे आणि धान्याचे डबे आधी बाहेर काढावेत, जमिनीवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, आतल्या खोलीच्या दारावर ओली चादर टांगावी, भिंतीवर फवाऱ्याने पाणी मारीत थोडा थोडा भाग ओला असतानाच पट्टीने खरवडावा, आणि निघालेला चिखल त्याच कागदात गुंडाळून पोत्यात भरावा. नंतर केरसुणी न फिरवता जमीन साबणाच्या पाण्याने दोनदा पुसावी. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा, आणि त्याचे कपडे घरी नेऊन मुलांच्या कपड्यांबरोबर धुतले जाऊ नयेत हेही त्याला सांगावे. हे सारे मुलगी येण्याच्या निदान तीन आठवडे आधी संपलेले असावे, आणि ते दोन-तीन दिवस यजमानांनी नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपल्या भागात ती सर्रास घडते. जुनी चौकट किंवा फळी बदलली की तिचे तुकडे पाणी तापवायच्या बंबात जातात, राख परसातल्या केळीला नाहीतर भांडी घासायला जाते. रंगवलेले जुने लाकूड बंबात किंवा चुलीत जाळू नये. शिसे जळून नाहीसे होत नाही, ते धुरात आणि राखेत उतरते आणि तुमच्या ताटापर्यंत येते.

आता ओलीकडे वळू. पेंटरचा उपाय म्हणजे भिंतीला प्लास्टिकचा रेनकोट घालून आतून भिजू देणे आहे. जांभा आणि मातीचा गिलावा पाणी शोषतो आणि ऊन लागले की सोडतो; त्यावर ऑईलपेंटचा पट्टा आल्यामुळे खालच्या तीन फुटांतून पाण्याला बाहेर पडता येईना, म्हणून ते पट्ट्याच्या वर चढून दिसू लागले. पट्टा वरपर्यंत नेला तर ओल आणखी वर जाईल, किंवा गिलाव्याला आतून सुटे करील आणि दोन-तीन पावसाळ्यांत पुट्टीसकट गिलावा अंगावर येईल. त्यातून भिंतीवर येणारी काळी बुरशी यजमानांच्या दम्याला कोणत्याही रंगाच्या वासापेक्षा अधिक त्रासदायक ठरू शकते, कारण रंगाचा वास काही आठवड्यांत ओसरतो आणि बुरशीचे कण ओल आहे तोवर रोज श्वासात जातात.

म्हणून पाणी येते कोठून, हे आधी शोधा. ओल जमिनीपासून वर चढत असेल तर घराबाहेर जाऊन जोत्याकडे पाहा. आपल्याकडच्या पुष्कळ गल्ल्यांत काँक्रीटचे थर एकावर एक चढून रस्ता घराच्या उंबऱ्याशी आला आहे आणि पावसाचे पाणी उतरायचे ते जोत्यालाच टेकून उभे राहते. तसे असेल तर भिंतीलगत उतार काढून किंवा अरुंद चर खणून पाणी दूर न्यावे. ओलीचा डाग वरून खाली उतरत असेल तर कौल फुटलेले किंवा सरकलेले असणार, आणि मध्येच एका जागी असेल तर भिंतीपलीकडे न्हाणी किंवा नळाची जोडणी आहे का ते पाहावे. बाहेरून भिंतीला टेकवून रचलेली लाकडे आणि गोवऱ्यासुद्धा ओल धरून ठेवतात. बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नये, साबणाच्या पाण्याने पुसून काढावी. लोणा लागून आलेली पांढरी पूड मात्र कोरडीच झाडावी, पाणी लावले तर क्षार पुन्हा भिंतीत शिरतात. गिलावा पडलेल्या जागा सिमेंटने भरू नयेत. माती, भाताचे तूस आणि थोडे शेण यांचा गिलावा करणारी माणसे खानापूरच्या खेड्यांत अजून आहेत, त्यांच्याकडून त्याच जातीचा गिलावा करून घ्यावा.

या भिंतीसाठी मी चुन्याशिवाय दुसरे काहीच सुचवणार नाही. चुना स्वस्त आहे म्हणून किंवा जुना आहे म्हणून नव्हे, तर तो या भिंतीच्या स्वभावाला मानवतो म्हणून. त्यात हवेत उडणारे कोणतेही द्रावक, म्हणजे टर्पेंटाइनसारखा पातळ करणारा द्रव, नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, भिंतीतल्या वाफेला वाट देतो, आणि ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारतेत बुरशी तग धरत नाही. कळीचा, म्हणजे न विरवलेला खड्यांचा, चुना घेतलात तर एका किलोला साधारण पाच लिटर पाणी हे प्रमाण ठेवावे. पिंप जाड लोखंडी असावे, ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये कारण चुना त्याला खातो. आधी पाणी घ्यावे आणि त्यात खडे थोडे थोडे सोडावेत, खड्यांवर पाणी ओतू नये, कारण चुना उकळून अंगावर उडतो. निदान चोवीस तास, जमल्यास आणखी काही दिवस, तो झाकून ठेवावा, जाड्याभरड्या कापडातून गाळावा आणि अशा दहा लिटर गाळलेल्या चुन्याला सुमारे ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा, म्हणजे भिंतीला टेकल्यावर पाठीला पांढरे लागण्याचे प्रमाण कमी होते. दाट एक हात देण्याऐवजी दुधाइतके पातळ तीन हात, भिंत आधी ओलसर करून, एकेका दिवसाच्या अंतराने द्यावेत. पहिला हात सुकला की भिंत फिकट आणि डागाळ दिसेल, त्याने घाबरू नये. शुभ्रपणा नंतर येतो.

निर्धोक म्हटला तरी चुना डोळ्यांना घातक आहे. मारणाऱ्याने चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत, विरवण्याच्या वेळी लहान मुले अंगणात नसावीत, आणि डोळ्यात थेंब गेलाच तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. रंगाची हौस असेल तर गाळलेल्या चुन्यात गेरू, काव किंवा पिवळी माती मिसळावी. या मातीच्या रंगांना लोहाच्या ऑक्साइडमुळे छटा येते आणि ते चुन्यात टिकतात. हळद घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, कारण चुन्यात हळद लाल होते हे आपल्याला कुंकवावरून ठाऊक आहेच, आणि ती लालीही उन्हात उडते.

मुलाच्या पीव्हीसी पॅनेलविषयी थोडक्यात सांगतो. ओल्या भिंतीवर पॅनेल बसवणे म्हणजे बुरशीला अंधारी खोली बांधून देणे होय. समोरून भिंत चकचकीत दिसेल आणि मागे काय चालले आहे ते पुढच्या पावसाळ्यात वासावरून कळेल. शिवाय घरात कधी आग लागलीच तर पीव्हीसीचा धूर फार दाहक असतो. मुलाची हौस भागवायची असेल तर मागच्या खोलीतल्या एखाद्या कोरड्या, आतल्या भिंतीला कागदी वॉलपेपर लावता येईल. व्हिनाइलचा लेप असलेला घेऊ नये, तेही प्लास्टिकच असते आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली रसायने हळूहळू बाहेर पडत राहतात. कागद गव्हाच्या पिठाच्या खळीने उत्तम चिकटतो. मात्र खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जी जुनी पद्धत आहे ती बाळाच्या घरात नको, कारण मोरचूद विषारी आहे आणि भिंतीचा कोपरा सोलून तोंडात घालायला बाळाला वर्षही लागत नाही. मला विचाराल तर यंदा वॉलपेपर राहू द्यावा.

राहिल्या मागच्या स्लॅबच्या दोन खोल्या, आणि तुम्ही विचारलेला डबा तिथेच लागेल. या भिंती सिमेंटच्या आहेत, कोरड्या आहेत, आणि मुलीचा व बाळाचा मुक्काम इथेच असावा. इथे पाण्यात कालवण्याचा साधा ॲक्रिलिक इमल्शन रंग चालेल. दुकानदाराच्या ‘बिनवासाचा’ या शब्दावर विसंबू नका. वास झाकता येतो किंवा कमी वासाचे द्रावक वापरता येते, त्यावरून हवेत काय उडते ते कळत नाही. डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचा. व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय संयुगे, लिटरला किती ग्रॅम आहेत तो आकडा तिथे पाहावा आणि तो ५० च्या खाली असावा. ‘शून्य’ असे छापले असेल तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ५ ग्रॅमपेक्षा कमी असा असतो, आणि तेही पुरेसे चांगले आहे. तुलनेसाठी सांगायचे तर टर्पेंटाइनमध्ये कालवला जाणारा साधा ऑईलपेंट साधारणपणे ३०० ग्रॅमच्या वर असतो. आकडाच दिलेला नसेल तर तो डबा ठेवून द्यावा. त्याच लेबलवर शिसे ९० पीपीएमच्या आत असल्याचा उल्लेखही असावा लागतो. गल्लीतल्या सुट्या, बिनलेबलच्या रंगावर तो मिळणार नाही, म्हणून तो रंग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट अशी की डब्यावरचा आकडा पांढऱ्या बेसचा, म्हणजे छटा मिसळण्यापूर्वीच्या रंगाचा, असतो. दुकानातल्या यंत्रातून त्यात जे रंगद्रव्य सोडतात त्याबरोबर काही वेळा द्रावकही येते, आणि छटा जितकी गडद तितके ते अधिक. म्हणून बाळंतिणीच्या खोलीला पांढरा किंवा अगदी फिकट रंग घ्यावा. बुरशीरोधक, जंतुरोधक अशी विशेषणे लावलेले प्रकारही मी इथे टाळीन, कारण त्यात मारक द्रव्ये जास्त घातलेली असतात, त्यांतल्या काहींनी त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जी होते, आणि कोरड्या भिंतीला त्यांची गरजही नसते. पुट्टी सगळीकडे थापू नये, खड्डे असतील तिथेच भरावी. पुट्टी घासताना उडणारी पिठासारखी बारीक धूळ दमेकऱ्याला रंगापेक्षा लवकर त्रास देते, म्हणून तीही ओलसर ठेवूनच घासावी.

शेणाच्या रंगाविषयी तुम्ही ऐकले ते खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या ‘खादी प्राकृतिक पेंट’विषयी असावे. तो १२ जानेवारी २०२१ रोजी बाजारात आणला गेला, तो डिस्टेंपर आणि प्लास्टिक इमल्शन अशा दोन प्रकारांत मिळतो, आणि शिसे, पारा, क्रोमियम, आर्सेनिक यांसारखे जड धातू त्यात नाहीत असे आयोग सांगतो. ताजे लेबल पाहून तो मागच्या खोल्यांना लावायला माझी हरकत नाही. पण शेण आहे म्हणून तो सारवणासारखा आहे अशी समजूत करून घेऊ नका. रंगाला भिंतीवर धरून ठेवण्यासाठी त्यातही बंधक, म्हणजे चिकटवणारे द्रव्य, लागतो, आणि त्यातला इमल्शन प्रकार माजघराच्या मातीच्या भिंतीला इतर कोणत्याही इमल्शनइतकाच गैरसोयीचा ठरेल.

दारे-खिडक्यांचा घट्ट असलेला जुना रंग तसाच राहू द्यावा असे वर म्हटलेच आहे. एखाद्या नव्या, कोऱ्या लाकडाला काही लावायचेच असेल तर पाण्यातला इनॅमल किंवा उकळलेले जवसाचे तेल लावावे. तेल लावल्यावर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवावीत किंवा दोरीवर मोकळी वाळत घालावीत. बाळासाठी नवे कपाट करणार असाल तर ते आता करू नका, कारण प्लायवूड आणि एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या) डिंकातून फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू महिनोन्‌महिने सुटत राहते. जुने स्टीलचे कपाट पुष्कळ आहे.

आता दसऱ्याचा हट्ट. आपल्याकडे नवरात्रापूर्वी घर झाडून-पुसून रंगवायची रीत आहे, पण खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, पाऊस रेंगाळला तर दसऱ्याला भिंती ओल्याच असतात. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. पाऊस उघडला की लगेच माजघरातला हिरवा पट्टा ओला खरवडून काढावा आणि त्याच आठवड्यात मागच्या खोल्यांचे इमल्शन उरकावे. या खोल्या नंतर किमान चार आठवडे, दिवसा खिडक्या उघड्या ठेवून, पंख्याचे तोंड बाहेर करून वाऱ्यावर राहू द्याव्यात. माजघराच्या भिंतीला सुकायला वेळ द्यावा आणि चुना सर्वांत शेवटी, दिवाळीच्या तोंडावर मारावा. चुन्यातून काही उडत नसल्यामुळे तो उशिरा झाला तरी बिघडत नाही. दसऱ्याला माजघर उघडेबोडके दिसेल, पाहुणे काही म्हणतील, त्यांना म्हणू द्यावे. मुलगी आल्यावर एखादी भिंत राहून गेली असे ध्यानात आले तर ती बाळंतपण होऊन बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत तशीच ठेवावी. हिरवा पट्टा कोणी आधीच कोरडा खरवडला असेल आणि त्या वेळी मुलगी घरात असेल, तर तिच्या डॉक्टरांना ते सांगावे. शिशासाठी रक्ताची तपासणी करता येते.

काम संपल्यावर ब्रश विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नयेत, इथले पुष्कळ ओढे अखेर मलप्रभा नदीला मिळतात. जुन्या डब्यात थोड्या पाण्यात ते खळबळून घ्यावेत, गाळ बसू द्यावा आणि तो वाळवून कचऱ्याच्या गाडीत द्यावा. उरलेला रंग बाळंतिणीच्या खोलीत, पलंगाखाली ठेवू नये. आणि रंगाची वीस लिटरची रिकामी बादली आपल्या घरांतून कधीच फेकली जात नाही हे मला माहीत आहे. ती अंगण शिंपायला, झाडांना पाणी घालायला खुशाल वापरा, पण तिच्यात पिण्याचे पाणी, तांदूळ, पापड किंवा बाळाच्या अंघोळीचे पाणी ठेवू नका.